आहे तेवढंच सांगणारा

फोन आला तेव्हा मी वडाळीच्या तलावाकाठी फिरत होतो, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मी तलावाच्या बाहेर एका हातगाडीपाशी उभा राहून दह्यातला गिला वडा खात होतो. डॉक्टरांनी रोज चार किलोमीटर चालायला सांगितलंय, घरून मी चालायलाच निघतो, आणि पहिल्या गाडीपर्यंत इमानदारीनं चालतोही. एका हातात द्रोण, दुसऱ्या हाताची बोटं दह्यानं माखलेली आणि खिशात फोन वाजतोय. करंगळी-अंगठ्याच्या चिमटीनं कसाबसा काढला. अकोल्याहून सुजाता बोलत होती, माझ्या मित्राची, गौतमची मुलगी. "काका, बाबा गेले. किती वाजता ते माहीत नाई. साडेसहाला आई चहा घेऊन गेली तर खुर्चीत होते, हात थंड होते. डॉक्टर येऊन गेले." एवढंच. जेवढं माहीत तेवढंच, ना कमी ना जास्त... थेट बापासारखं. मग तिनं विचारलं, तुम्ही कुठं आहात. "फिरून राहिलो," मी म्हटलं, तोंडातला घास गालात सरकवून. पन्नास वर्षांपासूनचा मित्र गेल्याचं कळल्यावर माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य ही थाप होती. त्याला कळलं असतं तर नवल वाटलं नसतं. म्हणाला असता, दिल्या, तोंड पूस आधी.

गौतम आणि मी दर्यापूरच्या शाळेत एका बाकावर होतो. पुढं मी विमा विकायला लागलो, म्हणजे न घडलेल्या गोष्टी लोकांपुढं रंगवून सांगायचा धंदा केला, आणि तो बरा चालला. गौतम पाटबंधारे खात्यात लागला. कितीतरी वर्षं त्याचं काम एकच, सकाळी धरणावर जायचं, पाणी किती आहे ते पाहायचं आणि वहीत लिहायचं. मी त्याला चिडवायचो, अबे, एखाद्या दिवशी थंडीत गोधडीतूनच अंदाजानं लिही ना, पाणी काही तक्रार करणार नाही. तो हसायचा नाही. "जेवढं हाय तेवढंच लिहा लागते बे. खाली लोकं राहतात," म्हणायचा. मला वाटायचं, हा विनोद न कळण्याचा आजार आहे. माझा स्वतःचा आजार कोणता हे कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली.

सुजाता दहा महिन्यांची असताना तापानं फणफणली आणि ताप उतरला तो तिचे डोळे घेऊनच. अकोला, नागपूर, सगळं झालं. नातेवाईक आले, बसले, उसासे टाकून गेले. कोणी म्हणालं, पोरीले घरातच जपा आता, बाहेर कुठं धडपडन. गौतमनं ऐकून घेतलं आणि त्या आठवड्यापासून घरात एक नियम केला, रविवारी पोरगी घरात बसणार नाही. आभाळ कोसळो, पाहुणे येवोत, रविवारी सुजाता बाहेर. रत्नमाला वहिनी डबे भरायच्या, आम्ही अमरावतीहून जायचो, नाहीतर ते तिघं आमच्याकडं यायचे. वडाळी, छत्री तलाव, चिखलदरा, काटेपूर्णेचं जंगल, बाळापूरची दगडी छत्री, कधी जवळचा कापशीचा तलाव. सहलींना जाणारी कुटुंबं आपल्याकडं पुष्कळ आहेत. गौतमची गोष्ट वेगळी होती ती अशी की, कुठंही न्यायचं असलं की आधीच्या आठवड्यात, सुट्टी पाहून नाहीतर रजा टाकून, तो तिच्याशिवाय तिथं जाऊन यायचा. आणि तिथं पोचला की डोळे मिटायचा.

हे मी पहिल्यांदा नरनाळ्याला पाहिलं. मला वाटलं होतं, दोघं मित्र किल्ल्यावर जातोय, गप्पा मारू, डबा खाऊ. वर पोचल्यावर या माणसानं खिशातून रुमाल काढून डोळ्यांवर बांधला आणि दरवाजाच्या भिंतीवरून तळवे फिरवत चालू लागला. खेटून गेलेल्या एका बाईनं मला हळूच विचारलं, यांचं ऑपरेशन झालं का. गौतम पायऱ्या मोजत होता, कुठली तुटकी, कुठं ऊन लागतं, कुठं सावलीचा गारवा सुरू होतो. त्या दरवाजावर दगडात कोरलेली कमळं आहेत, ती बहुतेक उंचावर. तासभर चाचपून त्यानं आठ वर्षांच्या मुलीचा हात पोचेल अशी एक नक्षी शोधली, तिच्या प्रत्येक पाकळीवरून बोट फिरवलं, मग रुमाल सोडून म्हणाला, जमते. वहिनींसाठी आडोसा कुठं आहे, पाणी कुठं मिळतं, हेही पाहून घेतलं. पुढच्या रविवारी सुजातानं त्या दगडी कमळावरून हात फिरवला तेव्हा तिचा चेहरा... मी त्याचं वर्णन करणार नाही, कारण मी केलं की ते वाढतंच.

त्याचं पाहून एकदा मीही हा प्रयोग केला. अमरावतीच्या बांबूच्या बागेत न्यायचं ठरलं होतं आणि गौतमला सुट्टी मिळेना, तर मी म्हटलं, यंदा मी जाऊन येतो. गेलो, डोळे मिटले, हात पुढं करून चालू लागलो. बांबूचं एक बेट चाचपलं, पुढं एक छान गुळगुळीत, ऊन लागून कोमट झालेला दगड हाताला लागला. मी त्यावरून दोनदा हात फिरवून मोठ्यानं म्हटलं, वा, हा दाखवला पाहिजे. दगड म्हणाला, "काहून, काय झालं?" बाकावर बसलेल्या एका गृहस्थांचं ते टक्कल होतं. त्यांच्या सौभाग्यवती शेजारीच होत्या म्हणून वाचलो, म्हणजे हात आणखी डावीकडं गेला नाही म्हणून. ही थाप नाही. गौतमला सांगितलं तर तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मग डोळे पुसून त्यानं विचारलं, "पण बेटाजवळ पायऱ्या किती हायत?" मी मोजल्या नव्हत्या. तो सोमवारी अर्धा दिवस रजा टाकून स्वतः येऊन मोजून गेला.

सहलीच्या दिवशी तो सुजाताला सगळं सांगत चालायचा. त्याचं सांगणं मात्र पाण्याच्या वहीसारखं. डाव्या हाताला पळस हाय, फुलं नाईत. समोर कचरा हाय, वेफरच्या पिशव्या. तलावात पाणी कमी हाय, कडेला हिरवं शेवाळ हाय. आमची कुंदा, म्हणजे माझी बायको, एकदा त्याला म्हणाली, अहो भाऊजी, पोरीला जरा चांगलं सांगा की. तो म्हणाला, चांगलं असन तवा सांगतो. मग मी पुढं व्हायचो. माझ्याकडं कशाची कमी होती... पळसाला फुलं यायची, शेळ्यांची हरणं व्हायची, एकदा तर काटेपूर्णेत वहिनींनी वाळत घातलेल्या हिरव्या ओढणीचा मी मोर करून नाचवला होता. सुजाता टाळ्या पिटायची. "काका, तुमीच सांगा, बाबाचं बोर हाय," म्हणायची. मला त्याचा अभिमान वाटायचा, हे इथं लिहून ठेवतो.

आणि मग अप्पर वर्धा. दिवाळीची सुट्टी होती, धरण काठोकाठ भरलेलं, वारा असा की टोपी धरून चालावं लागत होतं. गौतमला तिथं खात्यातला कोणी ओळखीचा भेटला, दोघं बोलत उभे राहिले. मी आठ-नऊ वर्षांच्या सुजाताला हाताला धरून दगडांच्या कडेपर्यंत नेलं. लाटा दगडांवर आपटत होत्या, तुषार अंगावर येत होते. ती थबकली. काका, हा कशाचा आवाज, तिनं विचारलं. आमच्या वऱ्हाडात समुद्र चित्रातच पाहायचा, खरा मी तेव्हा पाहिलेलाच नव्हता, आणि तरी माझी जीभ माझ्या आधी बोलून गेली, समुद्राचा. ती इतकी स्तब्ध झाली की मी घाबरलो. मग, घाबरलेला थापाड्या जे करतो तेच केलं, आणखी घातलं. जहाज दाखवलं, शिडाचं. दीपस्तंभ दाखवला. तिनं चपला काढून पाय पाण्यात घातले आणि बाहेर काढायला तयार होईना. चहा होईपर्यंत खरं सांगून टाकू, असं मी ठरवलं होतं. चहा झाला. परतीच्या भाड्याच्या जीपमध्ये ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, आणि झोपलेल्या पोरीला काय सांगायचं, म्हणून राहिलं.

तिनं ते कोणाला सांगितलं नाही, दागिन्यासारखं जपून ठेवलं. सुट्टी संपून शाळेत गेल्यावर, तिच्यासारख्याच मुलींच्या शाळेत, निबंध लिहायला सांगितला तर तिनं समुद्रावर लिहिला आणि वर्गात वाचला. बाईंनी कौतुकानं विचारलं, पाणी कसं लागलं गं? ती म्हणाली, गोड. मुली महिनाभर हसत होत्या.

हे कळलं तसा गौतम पहिल्या बसनं माझ्या घरी आला. बसला नाही, पाणी घेतलं नाही. मी नेहमीसारखं हसून सुरुवात केली, अरे गंमत केली पोरीची, त्यात काय एवढं. तो म्हणाला, "दिल्या, डोळेवाल्या लोकायले तुया थापा चालतात. ते घरी जाऊन खरं पाहून घेतात. तिनं कुठून पाहावं? तिच्या डोक्यात जे टाकलं ते तसंच राहते बे." मग तो दाराच्या चौकटीकडं वळला. "काल मले विचारून राहिली... बाबा, नरनाळ्याचं कमळ खरं होतं ना?" जे तिनं स्वतःच्या बोटांनी पाहिलं होतं, पाकळी न पाकळी, त्याबद्दल. तो आवाज चढवून बोलला असता तर मी भांडलो तरी असतो. तो चपला घालून निघून गेला, आणि कुंदानं ठेवलेला चहा मी दोन्ही कप प्यालो, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

उन्हाळ्यात तो तिला कोकणात घेऊन गेला, खराखुरा समुद्र दाखवायला. आम्हाला बोलावलं नाही. परत आल्यावर सुजाताचाच फोन आला. म्हणाली, काका, पाणी खारट हाय, मी ओंजळीनं चाखलं. जहाज मात्र बाबाला दिसलं नाही. तिच्या आवाजात राग नव्हता. पण त्यानंतर तिनं मला कधी "काका, तुमी सांगा" म्हटलं नाही. सहली चालूच राहिल्या, डबे तेच, जीप तीच. मी काही सांगायला लागलो की ती बापाकडं मान वळवून विचारायची, बाबा, हे खरं हाय का? तो घरचा विनोद झाला, सगळे हसायचे, मी सगळ्यांत मोठ्यानं. अठरा वर्षं हसलो. ती शिकली, अकोल्यातच सरकारी नोकरीला लागली, एकटी बसनं जायला-यायला लागली, आणि तरी मी "आज ऊन आहे" म्हटलं की तिचा हात आधी बाहेर जायचा, तपासायला.

शेवटची भेट छत्री तलावावरची. गौतम निवृत्त झाला होता, गुडघे धरले होते, पण पुढच्या रविवारी इथं यायचं म्हणून आधी पाहायला आला होता. डोळे मिटून चालायला आता माझा खांदा लागायचा. दमलो आणि बाकावर बसलो. इथं मला एक वाक्य घालायचा फार मोह होतो. माझ्यामागं तिला तू सांगत जा, असं काहीतरी, त्याच्या तोंडी. लेख चांगला झाला असता. पण तो असं काहीही म्हणाला नाही. त्यानं विचारलं, "शेंगदाणे उरले का?" उरले नव्हते. मी खाल्ले होते.

मी अकोल्याला पोचलो तोवर दुपार झाली होती. बैठकीत बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींसमोर मेणबत्त्या, खाली पांढऱ्या कपड्यात गौतम. वंदना झाली. सुजाता पायांशी बसली होती, तिचे तळवे त्याच्या पावलांवर. मग ती सरकत सरकत वर यायला लागली, गुडघा, हात, छाती... तिला चेहरा पाहायचा होता, तिच्या पद्धतीनं. तिच्या आत्यानं हात धरला. नको मा, तिकडं नको, म्हणाली. मायेनंच म्हणाली. मी उशाशी उभा होतो, दोन फुटांवर. मला माहीत होतं तिला काय हवंय. पाहू द्या तिला, एवढे तीन शब्द बोलायचे होते, आणि आयुष्यभर तोंडाची टकळी चालवलेल्या माणसाला ते फुटले नाहीत. जो तो तिला सांगत होता, झोपल्यासारखे दिसून राहिले, अगदी शांत. तिनं मान माझ्या दिशेला वळवली. "काका?" मी म्हटलं, "हो. शांत झोपल्यासारखा." तिनं मान हलवली आणि हात मांडीवर ठेवून घेतले. थोड्या वेळानं त्याला नेलं.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले. वहिनी फोनवर सांगायच्या, पोरगी रडली नाही भाऊजी, ऑफिसले जाते, येते, जेवते, रविवारी दार लावून बसते. घरात न बसण्याचा तो नियम त्याच्याबरोबर गेला होता. मी दोनदा म्हटलं, येऊ का, कुठं जाऊ या का. नको म्हणाली. पाचव्या आठवड्यात तिचाच फोन आला, रविवारी कापशीला येता का.

मी आधी जाऊन आलो नाही. ते शहाणपण माझ्यात नाही. त्यामुळं तलावाकडं उतरताना बाभळीचा काटा माझ्याच चपलेतून वर आला आणि मी लंगडत, तिच्या खांद्यावर हात ठेवून खाली पोचलो. कोण कोणाला नेत होतं ते पाहणाऱ्याला कळलं नसतं. थंडी सुरू झाली होती, ऊन बरं वाटत होतं. वहिनी वर झाडाखाली सतरंजी टाकून बसल्या. आम्ही दोघं पाण्याजवळ एका दगडावर.

"काका, बाबाचा चेहरा कसा होता?"

मी म्हटलं, सांगितलं ना तेव्हा. ती म्हणाली, तुम्ही सांगितलं, आत्यानं सांगितलं, शेजारच्यांनी सांगितलं, सगळ्यांनी एकच सांगितलं, म्हणून तर विचारते.

मी घसा साफ केला. म्हटलं, जबडा पांढऱ्या पट्टीनं बांधला होता, गाठ डोक्यावर, दाढ सुजलेल्या पोरासारखी. "तसं नको," ती म्हणाली. "कशासारखं ते नको. नुसतं सांगा." मग मी नुसतं सांगितलं. नाकात कापूस होता. ओठ काळपट पडले होते. डावा डोळा पूर्ण मिटला नव्हता, खालून पांढरं दिसत होतं. दाढी दोन दिवसांची, हनुवटीवर सगळी पांढरी. केसांना कोणीतरी तेल लावून भांग पाडला होता, तो उजवीकडून.

"बाबा डावीकडून पाडायचे."

"हो. चुकीचा पाडला."

"हसत होते का?"

"नाही."

"दुखल्यासारखं होतं?"

माझ्या जिभेवर 'नाही' तयार होतं. बाप गेलेल्या पोरीला दुसरं काय सांगतात? पण ते खरं की नाही, मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "कपाळावर एक आठी होती. दुखल्याची की नेहमीची, मले नाई समजलं." तिनं स्वतःच्या भुवयांमध्ये बोट ठेवलं. इथं? मी म्हटलं, थोडी वर. बोट वर सरकलं. आणखी थोडी. हो, तिथं. तिनं बोट तिथंच ठेवलं आणि तशीच बसून राहिली, आणि मग तिचे खांदे हलायला लागले. वर वहिनी उठून उभ्या राहिल्या होत्या, मी हातानंच त्यांना थांबा म्हटलं. तिचे हुंदके ओसरले. मी म्हटलं, "त्या दिवशी मी तिथंच उभा होतो, सुजाता. आत्याले थांबवायला पाहिजे होतं मी." दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, जाऊ द्या काका, त्यात काय. ती म्हणाली, "हो. पाहिजे होतं." आणि ओढणीनं चेहरा पुसून माझा हात धरला.

पाण्यावरून मधूनच एक आवाज येत होता. ठक्... मग काही नाही, मग पुन्हा ठक्. तिनं कान टवकारले आणि विचारलं, ते काय आहे. मी पाहिलं. पलीकडच्या काठाजवळ काहीतरी काळं होतं, ऊन पाण्यावरून सरळ डोळ्यांत येत होतं. मासे धरणारा असेल, डोंग्यावर काठी मारून मासळी जाळ्याकडं हाकत असेल, त्याची बायको सोबत असेल, तिनं लाल लुगडं... सगळं माझ्या तोंडात आलं होतं.

"मले दिसून नाई राहिलं," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. "मंग थांबू. जवळ आलं की कळन."

आम्ही थांबलो. आवाज जवळ येत होता की नव्हता, हेही मला नक्की सांगता येणार नाही.